तीन दारांचा काढा

मी आठवीला विज्ञान शिकवतो. पावसाळा संपता संपता पचनसंस्थेचा धडा येतो आणि मी फळ्यावर यकृत काढतो. तपकिरी खडू आमच्या शाळेत कधीच नसतो, म्हणून लाल आणि पिवळा एकमेकांवर घासून मी तो रंग जमवतो. मग हात झटकत सांगतो, "ही शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी. गुपचूप काम करते. दुखत नाही, खुपत नाही, तक्रार करत नाही. म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही." हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलंय की ते माझ्या तोंडाला पाठ झालं, डोक्याला झालं नाही. झालं असतं तर माझ्यावर ही हकिगत लिहायची पाळी आली नसती.

आमचं गाव नंदुरबारच्या जवळ, तापीकडच्या सपाटीवर. शाळा खांडबाऱ्याला, म्हणजे स्टेशनपर्यंत मोटरसायकल आणि पुढे रोजची आगगाडी. गावात आम्हा तिघा भावांची तीन घरं एकाच अंगणाभोवती आहेत. मोठ्याचं दाराशीच, धाकट्याचं समोर, माझं शेवटी. मधे कडुनिंब, आणि कडुनिंबावर गुळवेल.

वडील गेल्यावर वाटणी झाली ती मायने केली. तलाठी आला होता, पण तो फक्त लिहायला. माय म्हणायची आणि तो लिहायचा. शेत, गोठा, पितळी भांडी, एवढंच काय, सामाईक लिंबोणीची लिंबंही तिने तीन वाट्यांत लावली. उरलेलं एखादं लिंबू आजही मारुतीला जातं, कारण ते कुणा एकाच्या घरात गेलं तर कलागत व्हायची. स्वतःचीही वाटणी तिने करून टाकली. एक महिना मोठ्याकडे, एक माझ्याकडे, एक धाकट्याकडे. आणि सगळ्यात कडक नियम असा की पाहुणा एका घरी चहा प्याला तर तिन्ही घरी त्याने प्यायलाच पाहिजे. आमच्या सोयरिकीतले लोक हे जाणून आहेत. ते आमच्याकडे यायचे असले की घरून चहा न पिता निघतात.

हा नियम पाहुण्यांपुरता होता तोवर ठीक होतं.

त्या वर्षी गणपतीच्या सुमाराला मला ताप आला. ताप चार-पाच दिवसांत गेला, पण जाताना सांधे मागे ठेवून गेला. सकाळी उठलो की बोटं वळत नसत. खडू धरता येत नव्हता, चड्डीची नाडी बांधायला बायको लागत होती. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, आठवडाभर घ्या म्हणाले. आठवडा झाला, दुखणं तिथेच. आता पुन्हा डॉक्टरांकडे जायचं, रांगेत बसायचं, त्यापेक्षा मी सरळ मेडिकलवाल्याला रिकामी पट्टी दाखवली. "सर, तीच का?" तो म्हणाला. मी मान हलवली. पुढे पुढे तर तो विचारायचाही बंद झाला. मला दुरून येताना पाहूनच फळीकडे हात न्यायचा. माणसाला असं कुणी ओळखीचं भेटलं की बरं वाटतं.

मग आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी सांगितलं की खांडबाऱ्याच्या बाजारात एकजण ताडपत्री टाकून बसतो, त्याची पुडी घ्या. मी घेतली. राखाडी रंगाचं चूर्ण, जिभेवर ठेवलं की ओवा आणि कसलीशी औषधी चव. दुसऱ्याच दिवशी मी शाळेचा जिना दोन दोन पायऱ्यांनी चढलो. झाडपाल्याने एका रात्रीत गुण आला तर त्यात झाडपाल्याशिवाय आणखी काय आहे, हा प्रश्न पडायला पाहिजे. मी मुलांना सांगतोही, की जाहिरातीत 'लगेच' हा शब्द दिसला की थांबा आणि विचार करा. मी थांबलो नाही. मी जिना चढत होतो.

पण खरी गोष्ट काढ्याची आहे.

कोरोनाच्या साथीपासून मायचा गुळवेलीवर भारी जीव. त्या दिवसांत आमच्या अंगणातलं कुणी दगावलं नाही, याचं श्रेय तिने वेलीला देऊन टाकलं होतं. माझे हात धरलेले पाहून तिने वेलीची बोटभर जाड कांडी तोडली, ठेचली, पाण्यात उकळून उकळून पाव केली आणि पेला माझ्या हातात दिला. तेव्हा तिचा महिना मोठ्याकडे चालू होता. त्यामुळे काढा मोठ्या वहिनीच्या चुलीवर झाला आणि वहिनीच्या पेल्यातून मिळाला. संध्याकाळी मोटरसायकल अंगणात शिरली की पहिल्याच ओट्यावर वहिनी उभी.

"भाऊ, पी ल्या. गरम शे तवलोंग."

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी काढा पिऊन मी पुढे निघालो, तर समोरच्या घरातून पेल्यावर चमचा वाजवल्याचा आवाज आला. धाकट्या भावाची बायको मला हाक मारत नाही. मी जेठ ना! डोक्यावरचा पदर पुढे ओढते आणि काही सांगायचं असलं की भिंतीला सांगते. ते मी ऐकायचं. भिंतीकडे पाहून ती म्हणाली, "मोठा घरना चालस, आमना हातना नहीं चालस का?"

भिंत काय बोलणार? मी ओट्यावर गेलो आणि प्यालो.

घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात उभी. तिला अंगणातलं सगळं दिसतं. "दोन घरना पी उनात," ती म्हणाली. "आते आपला घरना कोन पिई? मी?" तिच्या हातात पेला होता.

असे तीन झाले. एकदा झाले म्हणजे झाले. वहिनीकडे पिऊन धाकटीकडे नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडे वाटणी पुन्हा उघडण्यासारखं होतं. शिवाय हळूहळू चुरसही लागली. वहिनीने त्यात काळी मिरी घातली. ते कळताच धाकटीने वेल जास्त जाड घेतली. बायको तर दोघींवर ताण करायला रात्रभर भिजवून ठेवू लागली. काढा इतका कडू झाला की प्यायल्यावर माझा चेहरा बराच वेळ तसाच राहायचा. तोंड वाकडं करून मी गावात फिरायचो आणि लोक म्हणायचे, सर फार गंभीर झाले. माय मात्र खूश होती. तिच्या वेलीचं तिन्ही घरी चांगलं चाललं होतं.

दसऱ्यानंतर नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या भरतात. मोठ्या भावाची थोडी मिरची तिथे एका व्यापाऱ्याच्या पथारीवर वाळत पडली होती, म्हणून शाळेतून परत येताना मी तिकडे उतरलो. नजर जाईल तिथवर लाल. त्या लालीत सगळ्यांचे चेहरे लालसर दिसतात. मिरची उलटीपालटी करणाऱ्या बाया, हमाल, व्यापारी, सगळे. भावाने मला पाहिलं आणि तो हातातली मिरची टाकून जवळ आला.

"का रे, तू हळद लायेल शे का?"

"नहीं."

"डोया दखाड बरं." त्याने माझी खालची पापणी बोटाने ओढली. मिरचीचं बोट! मी तिथेच नाचायला लागलो. डोळ्यांतून धारा. शेजारचा हमाल हसत होता, भाऊ हसत नव्हता. "हाई तर कावीय शे," तो म्हणाला.

घरी येऊन आरशात पाहिलं. एक डोळा लाल, एक पिवळा.

आता शहाण्या माणसाने काय करावं? मी दरवर्षी शाळेत अंधश्रद्धेवर भाषण देतो. त्यात काविळीच्या माळेवर एक खास परिच्छेद आहे. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात सैल गाठींनी ओवतात, काड्या वाळून बारीक होतात, गाठी सुटत जातात आणि माळ लांबते. डोक्यावर ठेवलेली माळ गळ्यात उतरते, छातीवर येते, आणि लोकांना वाटतं कावीळ उतरली. मुलं टाळ्या वाजवतात. तर हा परिच्छेद लिहिणारा मी दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून नवापूरकडच्या डोंगरात माळ घालून घ्यायला निघालो. नाही म्हणायला मी रस्त्यात एकदा म्हटलं, "अरे, हे काही शास्त्रीय नाही." भाऊ म्हणाला, "दादा, धरीसन बठ, पुढे खड्डा शे." मी धरून बसलो.

माळ देणारा म्हातारा चांगला माणूस होता. पैसे घेतले नाहीत, नारळ घेतला. माझ्या डोक्यावर काड्यांचा लहानसा वेढा ठेवला, काहीतरी पुटपुटला आणि ताकातून घ्यायला एका पाल्याचा हिरवा रस दिला. तेल नको, हळद नको, पिवळं म्हणून काहीच नको. रस रोज अनशापोटी. काढ्याचं विचारलं तर म्हणाला, चालेल, काढ्याने काय होतं.

म्हणजे आता गोळ्या, पुडी, तीन दारांचे तीन काढे आणि वर हिरवा रस. काविळीसकट मी अगदी भरगच्च झालो होतो.

माळ उतरू लागली. पहिल्यांदा कपाळावर आली, मग गळ्यात. मी सदऱ्याची वरची गुंडी उघडी ठेवून ती आरशात पाहायचो. माळ का उतरते ते मला पूर्ण ठाऊक होतं, गाठ कशी सुटते ते मी फळ्यावर काढून दाखवलेलं होतं. तरी माळ दुसऱ्या गुंडीपाशी पोचली त्या सकाळी मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! "उतरी ऱ्हायनी, उतरी ऱ्हायनी," माय सगळ्यांना सांगत होती.

माळ उतरत होती आणि मी पण. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. लघवी कोऱ्या चहासारखी. अंगाला खाज सुटली ती अशी की फळ्यावर लिहिता लिहिता मी पाठ फळ्याच्या कडेला घासून घ्यायचो. आणि झोप. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मी सकाळच्या गाडीत बसलो, डोळे मिटले आणि उघडले तेव्हा खांडबारा मागे गेलं होतं. उतरलो तो नवापूरला. तिथे फलाटावरचा एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. मी त्यावर बसलो. उठावंसं वाटेना. कुठल्या राज्यात बसलोय हे पाहायचंही त्राण नव्हतं. बायकोला फोन लावला.

"कुठे शेतस?"

"नवापूरला."

"तठे काय काम?"

"झोप लागली."

ती म्हणाली, "पुरे व्हयनं आते. माय काही बी सांगो. सकाय दवाखानामा."

नंदुरबारच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली. संसर्गाच्या काविळीच्या तपासण्या कोऱ्या आल्या. यकृताचे आकडे मात्र असायला हवेत त्याच्या कितीतरी पट. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"दारू?"

"नाही."

"औषधं काय काय चालू आहेत?"

"औषध असं काही नाही," मी म्हटलं. "घरगुतीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "मॅडम, घर तीन शेतस."

मग सगळं बाहेर आलं. बाई म्हणाल्या, जे जे घेताय ते सगळं आणून दाखवा. बायको धाकट्या भावाला घेऊन गावी गेली आणि तासाभराने सगळं गोळा करून आली. घाईत हाताला लागलं ते पोतं घेतलं होतं, आणि आमच्या घरात हाताला लागणारं पोतं मिरचीचंच असतं. तिने टेबलावर ते उलटं केलं मात्र, बाई शिंकल्या, मी शिंकलो, दारातली नर्स शिंकली, बाहेर बाकावर बसलेले पेशंटही शिंकू लागले. त्या शिंकांमधून बाईंनी एकेक वस्तू उचलून पाहिली. रिकाम्या पट्ट्या. राखाडी पुड्या. हिरव्या रसाची बाटली. वेलीच्या कांड्या, तीन जाडींच्या.

"गुळवेल किती घेत होता?"

"तीन ठिकाणी," बायको म्हणाली.

बाईंनी नाकावरचा रुमाल काढला. "गुळवेल म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. पण काहींच्या यकृताला ती सोसत नाही. या गोळ्या इतके दिवस घ्यायच्या नसतात. पुडीत काय कुटलंय ते विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. नेमकं कुणी केलं ते मलाही ठामपणे सांगता येणार नाही. सगळ्यांनी मिळून केलं असेल."

"मग आता औषध काय?"

"सगळं बंद."

"ते बंद. पण औषध?"

"तेच औषध. पोटात बाहेरचं काही जायला नको. साधं जेवण आणि आराम. यकृत स्वतःला सावरतं, त्याला फक्त सोडा." मग त्यांनी कागद पुन्हा उचलला. "तुमचं रक्त गोठायला वेळ लागतोय. ते मला आवडलेलं नाही. आठवड्याने पुन्हा तपासू, वाटलं तर आधीच. एवढ्यात झोपेत बरळले, दिवस-रात्रीचा घोळ व्हायला लागला, हिरड्यांतून रक्त आलं, तर माझ्याकडे येऊ नका. सरळ सुरतेला न्या. तसं झालं तर यकृत सावरेल की नाही हे सांगता येणार नाही."

माळ अजून गळ्यात होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही राहू दे हवं तर. ही पोटात जात नाही."

अंगणात आल्यावर पहिल्या ओट्यावर वहिनी पेला घेऊन उभी होती. बायकोने तो तिच्या हातातून घेतला आणि निंबाच्या बुंध्यात ओतला. त्या संध्याकाळी समोरच्या घरातून चमचा वाजला नाही.

थोड्या वेळाने माय आली. तिच्यामागे वहिनी, दारामागे धाकटी.

"मन्हा गुयवेलनी कयं का हाई?" माय म्हणाली. "मी तुले जहर पाजं का रे?"

मी उठून बसलो. "माय, यकृत ही ना, एक ग्रंथी असते आणि तिच्यात..."

"ते शायामा शिकाड. माले सांग."

तोवर वहिनी म्हणाली, "मन्हा पेला तर ल्हानसा ऱ्हाये." बायको म्हणाली, "मी तर पानी जास्ती टाकू." दारामागून धाकटी भिंतीला म्हणाली, "मी तर जसं सांगं तसंच कयं." मग तिघी एकदम बोलू लागल्या. कुणाची मिरी, कुणाची जाड कांडी, कुणी रात्रभर भिजवलं. इतके दिवस ज्याची फुशारकी चालली होती ते आता जी ती दुसरीच्या पदरात टाकत होती. मला खाज येत होती आणि त्यांच्यासमोर खाजवता येत नव्हतं.

मायने हात वर केला. वाटणीच्या दिवशी तलाठ्यासमोर केला होता तसाच.

"चूप ऱ्हावा. तिन्ही घरना सारखा वाटा. आनि मन्हा एक. व्हयनं?"

झालं. तिघी गप्प झाल्या, आणि खरं सांगायचं तर तिघींचे चेहरे जरा हलके झाले. सारखा वाटा म्हटला की आमच्याकडे कुणाची तक्रार राहत नाही. गोळ्या आणि पुडी कुणाच्या नावावर लावायची हे मायने विचारलं नाही, आणि मीही तो उतारा पुढे केला नाही.

आठवडा सुरू झाला. बायकोने बाईंचं बोलणं फार मनावर घेतलं. घोळ होतोय का हे पाहायला ती मला सारखं विचारायची, "आज कोनता वार?" आता सुट्टीत घरी पडलेल्या मास्तरला वार कुठून कळणार? मी म्हणायचो, बुधवार. तिचा चेहरा पांढरा पडायचा. कॅलेंडरकडे धावायची. एकदा तर मी विचारलं, "तुला माहीत आहे का?" तर तिलाही माहीत नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून शेजारी विचारलं. बाहेर दिवाळीचं तळण चाललं होतं आणि मी दारं-खिडक्या लावून वरणभात खात होतो. दात घासताना थुंकी पाहायचो. लाल दिसली नाही की हायसं वाटायचं, आणि मग ते वाटल्याचीच भीती वाटायची. रात्री गळ्यातली माळ चाचपायचो. ती आता पार बेंबीपर्यंत आली होती.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दुपारी माय आली. पदराच्या आड पेला होता.

"हाई ती नहीं," बसायच्या आधीच ती म्हणाली. "हाई भुईआवळी शे. खास काविळवर. मी सोता बांधवरथून उपाडी लई उनू." तिच्या नखांत माती होती. या वयात ती बांधापर्यंत एकटी गेली होती. पेल्यात हिरवट रस, वर जरासा फेस.

मी आयुष्यात कुणाच्या दारात पेल्याला नाही म्हटलेलं नाही. लग्नांमध्ये, तेराव्यांना, निवडणुकीच्या ड्यूटीवर, ओळख नसलेल्यांच्या घरीही मी प्यालो आहे. आणि ही तर माय. तिने पेला माझ्या तोंडाजवळ आणला. एक घोट घ्यावा, तिच्या समाधानाला, एका घोटाने काय होणार आहे, असं वाटलं. असंच तर आजवर प्रत्येक पेल्याला वाटलं होतं. सुरत आठवली. बायको दारात येऊन उभी राहिली होती. ही माझी माय होती आणि हे मलाच म्हणायचं होतं.

"माय, नको," मी म्हटलं.

"एक घोट."

"नको."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती पेल्याकडे पाहत राहिली, त्यातला फेस हळूहळू बसला. तिने पेला खाली ठेवला आणि हात मांडीवर ठेवले. ते हात काय करावं हे न कळल्यासारखे पडून होते. घरात कुणी आजारी असलं की मायचे हात रिकामे असलेले मी कधी पाहिले नव्हते. वाटतात, ठेचतात, उकळतात, गाळतात. आणि आमच्या त्या डॉक्टरीणबाईंनी असा आजार सांगितला होता की ज्यात काही द्यायचंच नव्हतं.

"मंग मी काय देऊ तुले?" ती म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती.

त्याच वेळी पाठीत, दोन फऱ्यांच्या मधे, हात पोचत नाही तिथे, अशी खाज उठली की मी भिंतीला पाठ लावून घासायला लागलो.

"काय करी ऱ्हायना?"

"खाज येतेय."

"कोठे?" ती सरकून मागे आली. सदरा वर केला. "आठे?"

"वर."

"आठे?"

"अजून. डावीकडे. हां."

ती खाजवू लागली. बांधावरची माती नखांत तशीच होती, बांगड्या पाठीवर गार लागत होत्या. दुसऱ्या हाताने तिने माळ एका बाजूला सारली. मी डोळे मिटले. "हाई चालस ना त्या डाक्टरीणले?" तिने दाराकडे वळून विचारलं.

"चालस," बायको म्हणाली. "हाई पोटमा जात नहीं."

त्या दिवसापासून काढ्याच्या वेळेला माय येऊन माझ्या मागे बसू लागली. वहिनीला हे करता येत नव्हतं, धाकटीला तर मुळीच नाही. वहिनी एकदा ओट्यावरून पाहून म्हणाली, "मायनं काम सोपं शे. आम्ही काय करसूत?" आमच्या अंगणात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचे तीन वाटे पडले नाहीत, आणि त्यावर कुणी तलाठ्याला बोलावलं नाही.

आठवड्याने रक्त दिलं. बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि टेबलावर ठेवताना त्यांचा खांदा जरा खाली आला. रक्त गोठणं जागेवर आलं होतं. बाकीचे आकडे अजून वरच होते, पण खाली वळले होते. "सुरत नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या कुणी आणखी एखादा पाला सांगेल."

"सांगी ऱ्हायनात," बायको म्हणाली. "रोज."

बरं व्हायला बराच काळ गेला. हिवाळाभर मी वर्गात खुर्चीवर बसून शिकवलं. माळ एका सकाळी अंघोळीत आपोआप पायाशी पडली. माय म्हणाली, "देखं, उतरी गयी." मेडिकलवाला अजूनही मला दुरून पाहिलं की फळीकडे हात नेतो. मी हात हलवून पुढे जातो, त्याला वाईट वाटत असणार. गुळवेल निंबावर आहे तशीच आहे. माय ती काढू देत नाही. "तिन्हा काय दोष? तूच तीन घरना पिना," म्हणते. आठवीचा तो धडा पुन्हा आला तेव्हा मी लाल आणि पिवळा खडू घासून यकृत काढलं, ते वाक्यही म्हटलं, आणि या वेळी ते मुलांना वहीत लिहून घ्यायला लावलं.

खाज केव्हाच गेली. तरी संध्याकाळी मोटरसायकल अंगणात शिरली, मी हातपाय धुऊन ओट्यावर बसलो की माय येते. ज्या घरी तिचा महिना असेल त्या घरून येते. पाठीमागे टेकून बसते, बांगड्या कोपराकडे सारते.

"खाज येस का रे?"

"येस," मी म्हणतो. "डावीकडे. जरा वर."